सदतीस सेकंदांचे पदक आणि ४६ वर्षांची मान्यता

धारूर तालुक्यातल्या कोणत्याही वस्तीत जा आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईला विचारा, आजी, बाहत्तर साल आठवतं का? ती सांगेल खडी, सुकडी आणि मिलो. रोजगाराच्या कामावर दिवसभर खडी फोडायची, लेकरांना सुकडी मिळायची आणि घरी तांबड्या मिलोची भाकर व्हायची. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी बाहत्तर सालाबद्दल याहून वेगळे काही सांगितले नाही. मुंबईत त्याच साली दलित पँथर उभी राहिली, हेसुद्धा आम्हाला पुढे पुस्तकांतून कळले. आणि त्याच साली, म्हणजे १९७२ च्या ऑगस्टमध्ये, सांगली जिल्ह्यातल्या एका मराठी माणसाने पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत जागतिक विक्रम करून सुवर्णपदक मिळवले, हे तर आम्हाला एका हिंदी सिनेमामुळे कळले. समाजशास्त्रात एम.ए. केले, चळवळीत इतकी वर्षे काढली, महापुरुषांच्या जयंत्यांना भाषणे ठोकली, पण मुरलीकांत पेटकर हे नाव आमच्या तोंडी कधी आले नव्हते. आधी ही कबुली, मग पुढचे.

आमच्या विहारात रविवारी संध्याकाळी मुलांचा वर्ग भरतो. तिथे आम्ही 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा दाखवला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, टाळ्या वाजवल्या. संपल्यावर नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, मेडल बाहत्तरला भेटलं, मग पद्मश्री २०१८ ला कसं काय?" आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. "जिद्द होती म्हणून शेवटी मिळालं," असे काहीतरी आम्ही बोलून गेलो. घरी येताना मात्र स्वतःचीच लाज वाटली. जिद्द तर बाहत्तर सालीही होती. मग मधल्या ४६ वर्षांत काय कमी होते?

या लेखात त्याच मुलीला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो आहोत.

पेटकर मुळात पोहणारे नव्हते. ते मुष्टियोद्धा होते. जन्म १९४४ चा, पेठ-इस्लामपूर भागातला. लहानपणी कुस्तीचा नाद. गावातल्या वजनदार घरच्या पोराला कुस्तीत चीत केले आणि त्यामुळे गावात राहणे अवघड झाले, म्हणून घर सोडले, असे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितले आहे. ही गोष्ट ऐकताना आमची पोरे हसली नाहीत. गावात कोणाला हरवायचे असते आणि कोणाला हरवायचे नसते, हे त्यांना शिकवावे लागत नाही. पुढे ते लष्कराच्या मुलांच्या पलटणीत गेले, ईएमई कोअरमध्ये जवान झाले आणि सिकंदराबादला बॉक्सिंग शिकले. १९६४ साली टोकियोला झालेल्या सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी बॉक्सिंगचे पदक मिळवले. वय अवघे वीस. एखादा हौशी मुष्टियोद्धा या वयात जेवढे करू शकतो तेवढे त्यांनी केले होते आणि पुढची वाट मोकळी होती.

दुसऱ्याच वर्षी, १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात, त्यांना अनेक गोळ्या लागल्या. एक गोळी मणक्यात अडकली. पायांतले बळ गेले आणि बॉक्सिंग तिथेच संपली. मुंबईच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात उपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरवले आणि खांद्यांची, हातांची जी ताकद ठोसे मारून कमावली होती ती पाणी कापायला उपयोगी पडली.

सिनेमा इथे ढोल वाजवतो. आम्हाला मात्र इथे थांबून एक गोष्ट नोंदवायची आहे. त्या माणसाला त्या वेळी तलाव मिळाला, डॉक्टर मिळाले, रोजचा सराव मिळाला, कारण तो लष्कराच्या व्यवस्थेत होता. परदेशी जाण्याच्या खर्चाला हात देणाऱ्यांत भारताचे माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट होते, जे अपंगांसाठी काम करत. पुढे पुण्यात टेल्कोत नोकरी मिळाली. जिद्द पेटकरांची होतीच, पण जिद्दीला टेकायला एक भिंत लागते आणि ती समाज बांधतो किंवा बांधत नाही. जिद्दीच्या गोष्टी आमच्या पोरांना फार सांगितल्या जातात. ऊसतोड कामगाराच्या पोराने सांगायचे, "साहेब, मी फडातल्या कोपीत चिमणीच्या उजेडात अभ्यास केला," आणि साहेबाने टाळ्या वाजवायच्या. कोपीत वीज का नव्हती, हे त्या कार्यक्रमात कोणी विचारत नाही.

१९६८ साली पेटकर तेल अवीवच्या स्पर्धेला टेबल टेनिसपटू म्हणून गेले. १९७० साली एडिंबरोच्या अपंगांच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य, अशी तीन पदके आणली. आणि मग हायडेलबर्ग. ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंद. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारताचे हे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. त्यानंतर पॅरालिंपिकमधले पुढचे सुवर्ण देवेंद्र झाझडियांनी २००४ साली अथेन्सला आणले, म्हणजे ३२ वर्षांनी. अभिनव बिंद्रांचे ऑलिंपिक सुवर्ण २००८ चे, म्हणजे ३६ वर्षांनी. बिंद्रा घरी येईपर्यंत सगळ्या देशाला त्यांचे नाव पाठ झाले होते, आणि व्हायलाच हवे होते. पण तेव्हा "पहिले वैयक्तिक सुवर्ण" असे जे सरसकट बोलले गेले, त्यात एक शब्द गाळलेला होता. तो गाळताना कोणाला काही गाळतो आहोत असेही वाटले नाही.

ही स्पर्धा सुरू कोणी केली हे आंबेडकरी वाचकाला माहीत असायला हवे. डॉ. लुडविग गुटमन हे जर्मनीतले ज्यू डॉक्टर. नाझी राजवटीत ज्यू डॉक्टरांवर बंधने आली, छळ वाढला, तेव्हा १९३९ साली ते कुटुंबासह इंग्लंडला गेले. स्टोक मँडेविल येथे मणक्याला मार लागलेल्या सैनिकांवर उपचार करू लागले. तोवर अशा रुग्णांना पडून राहून मरायचे लोक समजले जाई. गुटमन यांनी त्यांना खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, ज्या दिवशी लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, त्यांनी १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. ज्या देशाने त्यांना माणूस मानले नाही, त्याच देशात २४ वर्षांनी त्यांनी सुरू केलेली स्पर्धा भरली आणि तिथे आपल्याकडच्या एका जायबंदी जवानाने सुवर्ण घेतले.

आता मूळ प्रश्न. महाराष्ट्र शासनाने १९७५ साली पेटकरांना शिवछत्रपती पुरस्कार दिला, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. म्हणजे कोणालाच माहीत नव्हते असे नाही. पण १९८२ साली अर्जुन पुरस्कारासाठी त्यांचा विचार झाला नाही, अपंग असल्याचे कारण देऊन तो नाकारला गेला, असे त्यांनी पुढे सांगितले. त्या नकारानंतर त्यांनी आपली कागदपत्रे, पदके, कात्रणे नीट ठेवून दिली आणि कोणाच्या दारी जायचे नाही असे ठरवले. २०१८ साली पद्मश्री. २०२४ साली सिनेमा. आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, जीवनगौरव म्हणून अर्जुन. क्रम पाहा. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून आहे आणि विक्रम १९७२ चा आहे. मग पुरस्काराला सिनेमा येऊन जाईपर्यंत वाट का पाहावी लागली?

आरक्षणाच्या विरोधात बोलणाऱ्यांचा एक आवडता शब्द आहे, गुणवत्ता. त्यांचे म्हणणे असे, की गुणवत्ता असली की तिला कोणी अडवू शकत नाही. आमचा त्यांना प्रश्न आहे की घड्याळात मोजलेल्या ३७.३३ सेकंदांपेक्षा शुद्ध गुणवत्ता कोणती? तिथे ना मुलाखत, ना ओळख, ना भाषा, ना आडनाव. पंच परके, पाणी परके, घड्याळ सगळ्यांना सारखे. ती गुणवत्ता घेऊन माणूस मायदेशी आला आणि एका समितीच्या टेबलावर अडकला. कारण टेबलावर सेकंद मोजत नाहीत. तिथे 'हा खरा खेळाडू का?' हे आधी ठरते आणि मग आकडे वाचले जातात. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ती नुसती जातीपुरती राहत नाही, जिथे माणसांना पायरीवर उभे करायची सवय आहे तिथे सगळीकडे उतरते. क्रिकेट वरच्या पायरीवर, कुस्ती त्याखाली, मग बॉक्सिंग, आणि धडधाकट माणसांचे सगळे खेळ संपल्यावर अपंगांचा खेळ. प्रत्येक पायरीवरच्याला आपल्या खाली कोणीतरी आहे याचे समाधान.

कुस्तीचेच पाहा. खाशाबा जाधव, कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्य, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गावाने त्यांना बैलगाड्यांच्या मिरवणुकीने घरी नेले. अर्जुन मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले होते. म्हणजे पुरस्कार आला तेव्हा घ्यायला माणूस नव्हता.

इथे आमच्यातलेच काही मित्र विचारतात, "पण पेटकर आपले आहेत का?" हा प्रश्न आम्हाला दोन वेळा विचारला गेला आणि दोन्ही वेळा आम्ही उत्तर दिले नाही. त्यांची जात कोणती हे आम्ही शोधलेले नाही, शोधणारही नाही. ज्या माणसाला शरीराच्या कारणाने रांगेबाहेर उभे केले, त्याच्याविषयी लिहायला आंबेडकरी माणसाला त्याच्या दाखल्याची गरज का पडावी?

मात्र 'आपला' खेळाडू हवाच असेल तर पालवणकर बाळू घ्या, आणि पूर्ण घ्या, अर्धा नको. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखायचा आणि जाळ्यात साहेबांना चेंडू टाकायचा. हिंदूंच्या संघाला तो हवा होता, कारण त्याच्याशिवाय जिंकता येत नव्हते. पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्याला कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले, तेही तिन्ही-चारी भावांनी भांडल्यावर. तरुण बाबासाहेबांना बाळूंविषयी मोठा आदर होता.

ही झाली आपल्याला आवडणारी अर्धी गोष्ट. उरलेली अर्धी अशी, की १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले. आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात याच बाळूंना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्यांनी या माणसाला चहाचा कप दिला नव्हता, त्यांनी पुढे तिकीट दिले. आम्ही बाळूंना शिव्या घालणाऱ्यांपैकी नाही. आयुष्यभर उपाशी ठेवलेल्या माणसापुढे सन्मानाचे ताट आले तर तो ते लाथाडेल अशी अपेक्षा करणे सोपे आहे. पण ताट कोणी वाढले आणि कधी वाढले, हे आपण विचारायला शिकले पाहिजे. सत्कार करणारा बहुतेक वेळा नंतर काही मागतो. आमच्या तालुक्यात दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार निवडणुकीच्या वर्षात का वाढतात, याचा हिशेब कोणी तरी मांडावा.

आता आमच्या वस्तीतली एक गोष्ट. तिचा पेटकरांशी काय संबंध, ते वाचकाने पाहावे.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. आईवडील कोयत्यावर जाणारे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावर जातात, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या पोराला फौजेतून सुट्टीवर आलेल्या एका नातेवाइकाने ठोसे मारायला शिकवले. लिंबाच्या झाडाला सिमेंटच्या गोणीत वाळू आणि चिंध्या भरून टांगायच्या, हाताला जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळायच्या, एवढीच त्याची तालीम. शालेय स्पर्धांत तो जिल्ह्याला जिंकला, विभागाला जिंकला, राज्यस्तरावर पहिल्याच लढतीत हरला. हरला तरी खेळला होता. त्याचे प्रमाणपत्र शाळेकडे आले. दहावीला खेळाडूंना वाढीव गुण मिळतात, पण त्यासाठी शाळेने प्रस्ताव वेळेत क्रीडा कार्यालयाकडे पाठवावा लागतो. त्या दिवसांत पोरगा आईबापासोबत फडात होता. शाळेने प्रस्ताव पाठवला नाही. का पाठवला नाही? "मुलगा हजर नव्हता." प्रमाणपत्र कुठे आहे? "बघावं लागंल." ते आजतागायत बघणे चालू आहे. दहावीला तो गणितात थोडक्यात राहिला. त्या गुणांनी तो पास झाला असता की नाही हे आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण जे त्याचे होते ते त्याच्या बेरजेत आले नाही.

आम्ही त्याच्या बापाला म्हणालो, अर्ज करू. तो म्हणाला, "काय करायचंय त्या कागदाचं? कागदानं काय ऊस तुटतो का?" बापाची चूक नाही. त्याच्या तीन पिढ्यांत कागद फक्त एकाच कामाला आला, उचलीवर अंगठा द्यायला. ज्याच्याविरुद्धच कागद वापरला गेला त्याने कागद जपावा कशासाठी?

आणि इथेच आम्हाला त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. पदक अंगाने मिळवता येते. मान्यता मिळवायला अर्ज लागतो, शिफारस लागते, मुदत माहीत असावी लागते, टेबलाच्या पलीकडे आपला कोणी असावा लागतो. पलीकडे आपला कोणी नसेल तर पोच लागते, तारीख लागते, फाईल लागते. पेटकरांनी नकारानंतरही फाईल जपली. सरकार बदलले, नियम बदलले, पद्म पुरस्कारासाठी कोणाही नागरिकाने नाव सुचवावे अशी सोय झाली, अपंगांच्या हक्काचा नवा कायदा २०१६ साली आला. तेव्हा दाखवायला त्यांच्याजवळ कागद होता. बाबासाहेबांनी आपल्याला संघटना दिली तशी लेखणीही दिली. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर बाबासाहेब दहा वर्षे कोर्टात लढले आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टातून निकाल मिळवला. आपण जयंतीला पाण्याच्या ओंजळीचे चित्र लावतो. कोर्टाच्या कागदांचे चित्र कोणी लावत नाही, ते दिसायला रुक्ष असते ना!

आमच्या काही तरुण कार्यकर्त्यांना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे, असल्या सरकारी मान्यतेची भीक कशाला, आपण आपल्या खेळाडूंचा आपला सत्कार करू. करावा, जरूर करावा. पण भीक आणि थकबाकी यांत फरक आहे. पेटकरांचा अर्जुन ही थकबाकी होती, व्याजाशिवाय दिलेली. आमच्या पोराचे वाढीव गुण हीही थकबाकीच. आपण शाल-नारळ दिल्याने ती फिटत नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत आणि त्याही प्रमाणपत्राच्या पडताळणीवर अडतात. गोणीवर ठोसे मारणाऱ्या पोराला हे कोण सांगणार? ज्याने वशिल्याने स्पर्धा न खेळताच प्रमाणपत्र मिळवले त्याला सगळे नियम पाठ असतात.

म्हणून आम्ही विहारातल्या लोखंडी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला. प्रत्येक मुलाची एक फाईल. खेळ असो, निबंध असो, चित्र असो, गुणपत्रक असो, मूळ कागद घरी पत्र्याच्या पेटीत, झेरॉक्स इथे आणि फोटो दोघा-तिघांच्या मोबाईलमध्ये, कारण कोपीत पाणी शिरते आणि फोन हरवतात. ऊसतोडीला जाण्याआधी प्रत्येकाने येऊन यादी तपासायची, मुदती लिहून न्यायच्या. त्या नववीतल्या मुलीला आम्ही कपाटाची किल्ली दिली आहे. ती फार कडक आहे. तारीख नसलेला कागद ती घेत नाही.

बॉक्सर पोराची फाईल पहिली. तो आता भरतीसाठी पहाटे धारूरच्या घाटरस्त्याने पळतो, दहावीला पुन्हा बसतो आहे. फाईलमध्ये दोनच कागद आहेत. एक, राज्यस्पर्धेच्या दिवशी कोणीतरी मोबाईलवर काढलेला फोटो, ज्यात तो प्रमाणपत्र छातीशी धरून उभा आहे, पण त्यावरचा क्रमांक वाचता येत नाही. दुसरा, दुय्यम प्रत मिळावी म्हणून आम्ही केलेला अर्ज, त्यावर आवक शिक्का आणि सही. तीस दिवस झाले की माहिती अधिकारात विचारणा करायची, असे त्या मुलीने वर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. आज एकविसावा दिवस आहे.